रविवारचा सेमिनार: राफ्टचं वाचन आणि डेमो

मंडळी, रविवारी सकाळी 10 वाजता नेरुळच्या वर्गात भेटू. हार्बरचा मेगाब्लॉक बघूनच निघा.

वाचन: राफ्टचा 2014चा पेपर. राफ्ट म्हणजे अनेक सर्व्हरनी लीडर निवडून एकाच क्रमाच्या नोंदींवर एकमत ठेवायची पद्धत. आकृती 2 छापून आणा, नियम तिथे एकाच पानावर आहेत. आकृती 8 मात्र दोनदा वाचा, बहुतेक प्रोजेक्ट तिथेच फसतात. जुन्या टर्मची (टर्म म्हणजे एका निवडणुकीपासून पुढच्या निवडणुकीपर्यंतचा काळ) नोंद बहुमताकडे, म्हणजे निम्म्याहून जास्त सर्व्हरकडे, पोचली म्हणून कमिट, म्हणजे पक्की, धरू नका. चालू टर्मची एखादी नोंद बहुमताकडे गेली की तिच्या आधीच्या आपोआप पक्क्या होतात.

डेमोत 5 सर्व्हर चालवा, 2 बंद पाडा, काम चालू राहिलं पाहिजे. तिसरा पडल्यावर कमिट थांबायलाच हवं. इलेक्शन टाइमआउट (लीडरकडून काही आलं नाही तर किती वेळाने निवडणूक सुरू करायची) सगळ्यांना सारखा दिलात तर मतं फुटत राहतील. 150 ते 300 मिलिसेकंदांत रँडम घ्या.

मांडणी 20 मिनिटं. स्लाइड शुक्रवारी रात्रीपर्यंत पाठवा.