भात किती पिकलं ते कळलं, तांदूळ किती उतरला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातपीक स्पर्धेचे निकाल आपल्या अंकात वाचले. गुंठ्याला इतके किलो, हेक्टरी इतके क्विंटल. विजेत्यांचं अभिनंदन आहेच. पण शेतातलं 'ते भात' आणि ताटातला 'तो भात' यांच्या मध्ये गिरण असते, आणि तिथे काय घडतं याची बातमी कधी येत नाही.

यंदा दिवाळीनंतर मी जया आणि रत्ना या दोन जातींचं घरचं भात प्रत्येकी २० किलो मोजून गिरणीत नेलं. आधीच्या माणसाचं भात पुरतं उतरेपर्यंत थांबलो, नाहीतर त्याची कणी आमच्या हिशेबात आली असती. गिरणवाला हसला, पण थांबला. घरी मंडळींनी चाळण आणि सूप घेऊन कणी वेगळी केली. जयाचा तांदूळ १३ किलो २०० ग्रॅम, त्यात कणी १ किलो ६०० ग्रॅम. रत्नाचा १२ किलो ९०० ग्रॅम, कणी मात्र ३ किलो १०० ग्रॅम. एकूण वजनात फरक जेमतेम ३०० ग्रॅमचा. अख्ख्या तांदळात जवळजवळ पावणेदोन किलोंचा. कणी काही वाया जात नाही, पेजेला आणि कोंबड्यांना होते, पण गिऱ्हाईक अख्ख्या दाण्याचे पैसे देतं.

तरी यावरून रत्नाला नावं ठेवू नयेत. त्याच रत्नाचा एक कोपरा कापून पडला असताना पावसात सापडला होता. ते भात आम्ही घाईने डांबरी रस्त्यावर कडक उन्हात वाळवलं. त्याच्या २० किलोंत कणी पाच किलोंच्या वर गेली! सुकत आलेला दाणा पुन्हा भिजला की आतून तडकतो. तुसामुळे वरून काहीच दिसत नाही, गिरणीत गेल्यावरच कळतं. भात वाफवून मग भरडलेल्या उकड्या तांदळाला हा त्रास कमी, कारण वाफेने दाणा आतून घट्ट होतो आणि तडा सांधला जातो. तेव्हा जातीजातींची तुलना करायची तर सगळ्यांची ओल सारखी हवी, साधारण १४ टक्के, आणि गिरणही एकच हवी. माझ्या ताणकाट्याचं हे काम नव्हे.

सरकार भात भरडाईला देतं तेव्हा क्विंटलमागे ६७ किलो तांदूळ धरतं, उकडा असेल तर ६८. हिशेबाला हे सोयीचं आहे. पण जाड दाणा, बारीक दाणा, जुनी गिरण, नवी गिरण हे सगळं त्या एका आकड्यात बसत नाही.

नवीन वाण निवडताना तांदळाचा उतारा प्रयोगशाळेत तपासतातच. कर्जतच्या भात संशोधन केंद्राला आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठाला माझी विनंती एवढीच, की बियाण्याच्या माहितीपत्रकात दिवस, दाण्याचा प्रकार आणि हेक्टरी उत्पन्न छापता, त्याशेजारी आणखी दोन आकडे ठळक छापा: १०० किलो भातात एकूण तांदूळ किती आणि त्यातला अख्खा किती. पीक स्पर्धेतही पहिल्या तिघांचं भात भरडून बघायला हरकत नसावी. कदाचित नंबर बदलतील.

आमच्याकडे रोहिणीत पेरा होतो. पत्रक त्याआधी हातात आलं तर उपयोग.

आपला,
एक शेतकरी वाचक, राजापूर तालुका