विलीनीकरणाच्या अटी आदेशातच लिहा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वीज कंपनी कुणाचीही असो, पावसात झंपर (खांबावरच्या तारा जोडणारा तुकडा) तुटला की खांबावर चढणारा पोरगा गावातलाच असतो. मी सेलू तालुक्यातला निवृत्त वायरमन. कंपन्या एकमेकींत विलीन करण्याच्या गोष्टी निघाल्या की मला आधी त्या पोराची काळजी वाटते.

2005 साली राज्य वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या तेव्हा आम्हीही धास्तावलो होतो. पण 2003 च्या वीज कायद्यात, कलम 133 मध्ये, वर्ग होणाऱ्यांच्या सेवाशर्ती आधीपेक्षा कमी करायच्या नाहीत असं लिहिलेलं होतं. आजचा पोरगा ठेकेदाराचा. कंपनीच्या हजेरीपटावर त्याचं नावच नाही, त्याला या कलमाचा काय उपयोग? कुठल्या डीपीवरून (ट्रान्सफॉर्मरवरून) कुठल्या आखाड्याला, म्हणजे शेतातल्या वस्तीला, लाइन गेली, लाइन बंद करायचा कोणता एबी स्विच ओला झाला की अडकतो, हे नकाशात सापडत नाही. त्यालाच ठाऊक असतं. त्याला काढून आणलेल्या नवख्यानं अंधारात भलताच फीडर (वीजवाहिनी) बंद केला आणि तो खांबावर चढला, तर पुढचं सांगायला नको.

ग्राहकाचंही तेच. माझ्या भावाची पिठाची गिरणी आहे. बिलाबरोबर जादा सुरक्षा ठेव मागतात, तो भरतो. कायद्यानं त्या ठेवीवर व्याज मिळतं. मालक बदलला तर ठेव आणि व्याज देणं नव्या कंपनीवर, हे आधीच लिहून घ्यावं. दुसरी कंपनी घ्यायला काढलेलं कर्जही दरात चढवू नये. सौदा त्यांचा, हप्ते गिरणीवाल्यानं का भरायचे?

औरंगाबाद शहराची वीज 2011 ला फ्रँचायझीकडे, म्हणजे वीजवाटपाचा ठेका घेतलेल्या खासगी कंपनीकडे, गेली, 2014 ला करार रद्द होऊन महावितरणकडे परत आली. हात दोनदा बदलले. म्हणून म्हणतो, तोंडी आश्वासनं नकोत. त्याच वीज कायद्याच्या कलम 17 प्रमाणे विलीनीकरणाला वीज नियामक आयोगाची पूर्वपरवानगी लागते. त्याच आदेशात कंत्राटी कामगारांना कामावर कायम ठेवण्याची अट घालावी.

त्याआधी छत्रपती संभाजीनगरला जनसुनावणी घ्यावी, कागदपत्रं मराठीत द्यावीत. तारीख मात्र महिनाभर आधी कळवा. सेलूहून रेल्वे आहे, पण पोरांचा खाडा पडतो आणि तो ठेकेदाराला आधी सांगावा लागतो.

आपला,
एक निवृत्त वायरमन, सेलू, जि. परभणी