साहिबजाद्यांची ‘जयंती’ कुठून आणलीत?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

काल तुमच्या पान तीनवर दोन बातम्या शेजारी शेजारी होत्या. एक ‘साहिबजाद्यांची जयंती उत्साहात साजरी’ (साहिबजादे म्हणजे शिखांचे दहावे गुरू गोविंदसिंगजी यांचे चार मुलगे) आणि दुसरी ती चौकट, ‘एकाच वर्षात दोन जयंत्या, शिखांच्या कॅलेंडरचा गोंधळ’. कालचा दिवस गप्प बसलो, आज सकाळी बायको म्हणाली एकदाचं लिहून टाका म्हणजे माझं डोकं खाणं थांबेल, म्हणून लिहितोय.

आधी चौकटीचं सांगतो, ते सोपं आहे. गुरू गोविंदसिंगजींचा जन्म पाटण्याचा, १६६६ सालचा, पौष शुद्ध सप्तमी. तुम्ही छापलेली २२ डिसेंबर ही जुन्या ज्युलियन कॅलेंडरची तारीख आहे, ती आजच्या कॅलेंडरवर तशीच चिकटवता येत नाही. प्रकाश पर्व, म्हणजे त्यांचा जन्मदिवस, तिथीनं धरतात, म्हणून यंदा, २०२५ मध्ये, ते ६ जानेवारीलाही आलं आणि आता २७ डिसेंबरलाही आलं. पुढच्या २०२६ मध्ये ते येणारच नाही, कारण मध्ये ज्येष्ठाचा अधिक महिना पडतोय, मग ते सरकून थेट जानेवारी २०२७ मध्ये जाईल. २०१७ लाही हेच झालं होतं, ५ जानेवारी आणि २५ डिसेंबर, आणि २०१८ पूर्ण कोरडं गेलं. यात गोंधळ कसला? धोंड्याचा महिना आला की जावयाला अनारसे वाढणाऱ्या लोकांना हे समजावून सांगावं लागतं म्हणजे कमाल आहे.

आता कॅलेंडरवरून वाद आहे, तो मी नाही म्हणत नाही. २००३ मध्ये नानकशाही कॅलेंडर आलं, पुरेवाल नावाच्या कॅनडातल्या गृहस्थांनी केलेलं, त्यात हे पर्व ५ जानेवारीला पक्कं केलं होतं. २०१० मध्ये त्यात बदल झाले आणि ते परत तिथीवर आलं. आमच्या नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वारानं तर ते नवीन कॅलेंडर तेव्हाही घेतलं नव्हतं. यंदा पर्व नेमकं साहिबजाद्यांच्या शहीदीच्याच आठवड्यात आल्यामुळं, ५ जानेवारीलाच का करू नये असंही बरेच जण म्हणत होते, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. पण हे सगळं तुमच्या चौकटीत कुठं होतं? नुसता ‘गोंधळ’! आपल्याकडं १९ फेब्रुवारीला एक शिवजयंती आणि फाल्गुन वद्य तृतीयेला दुसरी, दोन्ही वेळेला तुमच्याकडं पानपानभर जाहिराती असतात, तेव्हा अशी चौकट टाकल्याचं माझ्या तरी बघण्यात नाही.

असो. खरा राग दुसऱ्या बातमीचा आहे.

२६ डिसेंबर ही जयंती नाही हो. त्या दिवशी कुणाचा जन्म झालेला नाही. साहिबजादा जोरावरसिंग आणि साहिबजादा फतेहसिंग, एक नऊ वर्षांचा आणि एक त्याहून लहान, पंजाबातल्या सरहिंदच्या नवाब वजीरखानानं भिंतीत चिणून मारले त्याचा तो दिवस आहे. त्यांची आजी माता गुजरी त्याच थंडीत तिथल्या ‘ठंडा बुर्ज’ नावाच्या बुरुजात कैदेत वारल्या. मोठे दोघे, अजितसिंग आणि जुझारसिंग, त्याच्या थोडेच दिवस आधी चमकौरच्या लढाईत पडले होते. एका बापाची चारही मुलं आणि आई, सगळं आठवड्याभरात. आणि तुमचा मथळा ‘उत्साहात’. ‘वीर बाल दिवस’ हे या दिवसाचं सरकारी नावसुद्धा अमृतसरच्या शिरोमणी गुरुद्वारा प्रबंधक कमिटीला पटलेलं नाही, त्यांनी ‘साहिबजादे शहादत दिवस’ म्हणा असं सांगितलं होतं, ते का सांगितलं होतं हे तुमचा मथळा वाचल्यावर कळतं.

मला हे इतकं लागायचं कारण म्हणजे हीच चूक मी केलेली आहे. स्वतःच्या हातानं, रंगीत खडूनं.

२०२२ चा डिसेंबर. वीर बाल दिवस त्याच वर्षी पहिल्यांदा आला. मला रिटायर व्हायला पाच महिने राहिले होते. शनिवारी रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज, सोमवारी कार्यक्रम घ्या, फोटो काढा, लिंकवर टाका. प्रतिमा कुणाची, माहिती काय सांगायची, काही नाही. आमच्या राज्यातल्या शाळांमध्ये महापुरुषांचे दिवस कसे होतात ते तुम्हाला माहीत असेलच, जयंती असो की पुण्यतिथी, टेबल तेच, चादर तीच, हार तोच, फक्त फ्रेम बदलते. माझं अक्षर बरं म्हणून फळा कायम माझ्याकडं. मी हात चालवत चालवत लिहिलं, ‘साहिबजादे यांच्या जयंतीनिमित्त विनम्र अभिवादन’. खाली वेलबुट्टी पण काढली. नाताळचे फुगे वर्गात लटकत होते, ते कुणी काढले नाहीत, उलट एका मॅडमनी शिल्लक राहिलेल्या लिमलेटच्या गोळ्या वाटायला काढल्या. फोटो झाला, अपलोड झाला.

सातवीत आमच्याकडं एक सरदारजींचा मुलगा होता. त्यानं गोळी घेतली नाही. मी म्हटलं अरे घे की, तर म्हणे नको सर, आमच्याकडं आजी सध्या खाली झोपते. मला वाटलं आजीचं पाठीचं दुखणं असेल! खरंच सांगतो, मी त्याला म्हटलं की डॉक्टरला दाखवा. तो काही बोलला नाही. पंजाबातल्या जुन्या घरांमध्ये पौषातल्या त्या दिवसांत लोक पलंगावर झोपत नाहीत, लग्नकार्य धरत नाहीत, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नांदेडात जन्म गेला, लंगरात शेकडो वेळा जेवलो, हल्लाबोलची मिरवणूक बघायला दरवर्षी पोरांना खांद्यावर घेऊन उभा राहिलो, आणि हे माहीत नव्हतं.

दुपारी त्याचे आजोबा त्याला न्यायला आले. वर्गाच्या दारात थांबले. फळा वाचला, फुगे बघितले. मला वाटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते चप्पल काढून आत आले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, गुरुजी, तेवढा एक शब्द पुसा. कुठला ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारायचा धीर झाला नाही. मी मान वर करून माझंच अक्षर दोनदा वाचलं तेव्हा कळलं. डस्टर सापडेना, तळहातानंच पुसला. त्या जागी काय लिहायचं ते सुचेना, मग त्यांनीच सांगितलं, ‘शहीदी’. फुगे त्यांचा नातूच खुर्चीवर चढून काढायला लागला.

लिंकवरचा फोटो बदलायला क्लार्ककडं गेलो तर म्हणे सर एकदाच अपलोड होतं, राहू द्या, कोण बघतंय. म्हणजे आमच्या शाळेच्या रेकॉर्डला साहिबजाद्यांची जयंतीच आहे अजून. मी जे त्या दिवशी तळहातानं पुसलं तेच तुम्ही काल हजारो प्रतींत छापून घरोघरी टाकलंत. मला निदान ते लिहायला कुणी पगारी उपसंपादक ठेवलेला नव्हता.

आणि नांदेड आवृत्तीत तरी हे व्हायला नको होतं. गुरूजींनी १७०८ मध्ये देह ठेवला तो इथं गोदाकाठी. बंदासिंग बहादूर इथूनच निघाले आणि १७१० मध्ये त्यांनी सरहिंद घेतलं, वजीरखान मारला गेला. म्हणजे त्या पोरांचा हिशोब चुकता करायला माणूस आपल्या गावातून गेला होता, आणि आपल्या गावाच्या पेपरात त्यांचा मृत्यूदिवस ‘उत्साहात’. खुलासा छापा, आणि तो लग्नाच्या जाहिरातीखाली दोन ओळींत नको, मथळा जेवढा होता तेवढ्याच टायपात द्या. बाकी ‘प्रकाश पर्व’ हा शब्द वापरायला मराठीत कुणी बंदी घातलेली नाही, दरवेळी जयंतीच म्हटलं पाहिजे असं काही नाही. शहीदीला तर नाहीच नाही.

जाता जाता, गेल्या रविवारचं शब्दकोडं. आडवा शब्द, ‘शिखांचे अखेरचे गुरू’, पाच अक्षरी. तुमचं उत्तर ‘गोविंदसिंग’. त्यांनी जायच्या आधी गुरूगादी ग्रंथसाहिबला दिली, इथंच नांदेडात, २००८ मध्ये त्या गोष्टीला तीनशे वर्षं झाली तेव्हा अख्खं शहर खणून रस्ते केले होते, तुमच्याच पेपरनं पुरवण्या काढल्या होत्या. ‘दहावे गुरू’ असं विचारलं असतंत तर पाचच चौकटीत बसलं असतं. मी गोविंदसिंग लिहिलं नाही, चौकटी रिकाम्या ठेवल्या, त्यामुळं उभे तीन शब्द अडले आणि बक्षिसाचं कूपन वाया गेलं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, नांदेड