वाड्यातलं सागवान ऑइलपेंटखाली गाडू नका

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की जुन्या नाशकातल्या धोकादायक वाड्यांना महापालिकेच्या नोटिसा लागतात. रविवार कारंजा, तांबट लेन, भद्रकाली, पंचवटी या भागांत मग घरं रिकामी होऊ लागतात. तुळया, खांब, चौकटी यांना गिऱ्हाईक असतंच, कारण जुनं सागवान घनफुटावर विकलं जातं हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण भांड्यांची मांडणी, चौरंग, फडताळाची दारं, पाय मोडलेली आरामखुर्ची हे सामान ‘घेऊन जा एकदाचं’ म्हणून भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढतं. तिकडे देवळाली कॅम्प, ओझर, नाशिकरोड भागात उन्हाळ्यात बदल्या होतात, कॉलेज रोड-गंगापूर रोडचे भाडेकरू महिनाअखेरीस फ्लॅट सोडतात आणि सोसायटीच्या ग्रुपवर टेबल-खुर्च्यांचे फोटो झळकतात. अमेरिकेत लोक असं सामान सुटीच्या दिवशी घरापुढच्या अंगणात मांडून विकतात. आपल्याकडे अंगणं गेली, सामान मात्र तितकंच निघतं.

जुनं घेणारेही आता वाढले आहेत. अडचण एवढीच, की वस्तू घरी आली की पहिल्याच रविवारी तिच्यावर पांढरा ऑइलपेंट चढतो, वर्षभरात पोपडे धरतो आणि खापर फुटतं जुन्या लाकडावर. दोष बहुतेक वेळा लाकडाचा नसतो. निवडताना आणि रंगाआधी जे करायचं ते झालेलं नसतं.

वस्तू बघायला दिवसा जावं. समोरची बाजू शेवटी पाहायची. आधी ड्रॉवर पूर्ण बाहेर काढून त्याचा तळ, मागची फळी आणि पायांची टोकं पाहायची, कारण तिथे कोणी पॉलिश मारत बसत नाही आणि खरं लाकूड उघडं असतं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्या बोटांत बोटं गुंफल्यासारख्या बसवलेल्या असतील तर काम जुन्या सुताराचं आहे. नुसते खिळे किंवा स्टेपल असतील तर बेतानेच पैसे द्यावेत. तळाशी आतल्या बाजूला पॉलिश पेपर चार वेळा ओढला की सागवान सोनेरी-तपकिरी निघतं आणि चामड्यासारखा वास येतो. शिसव जड आणि जांभळट-काळं असतं. आंबा फिकट आणि त्या मानाने हलका असतो, त्याला कीड लवकर लागते. भुसा दाबून केलेल्या बोर्डाच्या वस्तूचा खालचा काठ बोटाने चाचपावा. तो फुगलेला असेल तर वस्तू फुकट मिळाली तरी आणू नये, कारण फुगलेला बोर्ड पुन्हा बसत नाही आणि त्यात स्क्रूही धरत नाही.

किडीचे प्रकार दोन आणि उपायही वेगवेगळे. एक ते दोन मिलिमीटरची गोल छिद्रं आणि खाली मैद्यासारखी भुकटी दिसली तर तो भुंगा. मातीच्या नळ्या दिसल्या, ठोकल्यावर पोकळ आवाज आला आणि स्क्रूड्रायव्हर सहज आत गेला तर वाळवी. वाळवीने पोखरलेला पाय बदलावाच लागतो. भुंग्याचं मात्र घाबरण्यासारखं नसतं: सागवानात तो सहसा बाहेरच्या पांढरट, कच्च्या लाकडात राहतो, गाभ्यात फारसा शिरत नाही. एक लिटर गरम पाण्यात 60 ग्रॅम टाकणखार आणि 40 ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून उघड्या लाकडाला ब्रशने दोन हात द्यावेत, छिद्रांत सिरिंजने सोडावं आणि दोन-तीन दिवस वाळू द्यावं. रंग किंवा पॉलिश असलेल्या भागात हे मुरतच नाही, म्हणून क्रम आधी खरवडणं, मग औषध असाच हवा. द्रावण लहान मुलांपासून लांब ठेवावं. खोलवरच्या अळ्या यातूनही वाचू शकतात; वर्षभर वस्तूखाली काळा कागद घालून नवी भुकटी पडते का ते पाहणं हा सोपा उपाय. कॉट किंवा दिवाण घेताना सांध्यांत काळे ठिपके दिसले तर ढेकूण आहेत असं समजावं. गादी-कुशनसकट असलेला जुना सोफा तर कितीही स्वस्त असला तरी सोडून द्यावा, हे आमचं स्पष्ट मत.

डगमगणाऱ्या खुर्चीला खिळा ठोकणं हा आपल्याकडचा लाडका इलाज, आणि खुर्च्या त्यानेच मरतात. खिळ्याने लाकूड चिरतं आणि सांधा पुढे नीट उघडताही येत नाही. जुन्या खुर्च्या सरसाने चिकटवलेल्या असतात. गरम पाण्यात भिजवलेलं फडकं सांध्यावर ठेवलं की सरस सैल होतो. सांधा सोडवून जुना सरस पूर्ण खरवडायचा, कारण नवा फेविकॉल जुन्या सरसावर धरत नाही. लाकूड सुकल्यावर फेविकॉल लावून सुतळीच्या पिळाने आवळायचं आणि 24 तास हात लावायचा नाही. वेताची बैठक लोंबली असेल तर खालच्या बाजूने कोमट पाण्याचं ओलं फडकं फिरवून सावलीत वाळवावी. वीण तुटलेली नसेल तर ती बरीच ताणून बसते. वेतावर रंग मारू नये, बसताना वेत वाकतो आणि रंग तडकतो. झोपाळा घेणाऱ्यांनी लाकडाआधी कड्या पाहाव्यात. कडीत कडी घासून जिथे धातू अर्धा झिजलाय तिथेच ती एक दिवस तुटणार.

आता मूळ प्रश्न: रंग द्यावा की नाही? सागवान आणि शिसवाला ऑइलपेंट देऊ नये. आंबा, पाइन, प्लाय, किंवा जागोजागी ठिगळं लावलेली वस्तू असेल तर खुशाल रंगवावी. आधीचा थर कोणता आहे हे कळण्यासाठी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस आडबाजूला मिनिटभर धरावा. चिकट झालं तर लाखेचं पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही पण थिनरने मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) ही कडक पॉलिशं, नाहीतर पक्का सुकलेला ऑइलपेंट.

लाखेचं पॉलिश असेल तर काम अर्धं हलकं होतं. स्पिरिट आणि तारेच्या बारीक काथ्याने जुना थर निघतो. नव्यासाठी 150 ग्रॅम चपडा लाख एक लिटर स्पिरिटमध्ये रात्रभर काचेच्या बाटलीत भिजवून फडक्याने गाळावी. लोखंडी डबा नको, त्यात लाख काळवंडते. मलमलीत कापूस बांधून केलेल्या गोळ्याने पातळ हात द्यायचे, आठ-दहा तरी. ओल्या जागेवरून पुन्हा गोळा फिरवला की खालचा थर उचलला जातो. भिजवलेली लाख सहा महिन्यांत संपवावी, जुनी झाली की ती सुकतच नाही, चिकट राहते. एक मर्यादा मात्र मान्य करायला हवी: गरम चहाच्या कपाने या पॉलिशवर पांढरी गोल खूण पडते. रोजच्या जेवणाच्या टेबलाला म्हणूनच पीयू बरं.

जुना ऑइलपेंट असेल तर पुढचं नीट वाचावं. घरगुती रंगांतलं शिसं 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम आपल्याकडे 2017च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या, विशेषतः गडद पिवळ्या, लाल, हिरव्या रंगांत शिसं असण्याची शक्यता धरूनच चालावं. असा रंग कोरडा घासू नये आणि आगीने किंवा हीटगनने भाजू तर मुळीच नये. पेंट रिमूव्हर लावून दहा-पंधरा मिनिटांनी पत्र्याच्या पट्टीने खरवडावं. गॅलरीत किंवा गच्चीवर, रबरी हातमोजे घालून, बंद खोलीत नव्हे. राहिलेलं ओल्या पेपरने घासावं. लहान मुलं आणि गरोदर बाई आसपास नकोत. खरवड वर्तमानपत्रात बांधून घंटागाडीला वेगळी द्यावी. टर्पेंटाइन गटारीत ओतू नये, गटार शेवटी गोदावरीकडेच जाते.

रंगाचा क्रम साधा आहे, पण लोक त्यातल्याच पायऱ्या गाळतात. आधी 80 नंबरचा पेपर, मग 120, मग 180, आणि घासायचं रेषांच्या दिशेने. धूळ पुसून वूड प्रायमरचा एक हात द्यायचा आणि रात्रभर सुकू द्यायचा. मग खाचा-भेगांत लांबी, म्हणजे लाकडाची पुट्टी, भरायची: खडूची पूड अलसीच्या तेलात मळून, थोडं वार्निश घालून. भिंतीची पुट्टी लाकडाला लावणारे महाभाग पुष्कळ. ती सिमेंटची असते, लाकूड ऋतूप्रमाणे फुगतं-आकसतं आणि पुट्टी खपल्यांनी निघते. अलसीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात; पसरून वाळवावीत. लांबी सुकल्यावर 220 ने घासून प्रायमरचा दुसरा हात, त्यावर 320, मग इनॅमलचे दोन पातळ हात, मध्ये 24 तास सोडून. एक जाड हात देऊन वेळ वाचत नाही. वर साय धरते, आत ओलं राहतं आणि महिन्याने ठेवलेल्या पुस्तकाचा ठसा उमटतो.

एक लिटर इनॅमल एका हाताला साधारण 100 ते 120 चौरस फूट पुरतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल कपाटाची पाठ सोडून बाहेरची बाजू साडेत्रेचाळीस चौरस फूट भरते, म्हणजे दोन हातांना लिटरभराचा डबा पुरे. दुकानदार चार लिटरचा गळ्यात मारतो. उरलेल्यावर साय धरते आणि तो डबा गॅलरीत पडून राहतो.

सागवान रंगवायचंच असा हट्ट असेल, किंवा बाभळीची वस्तू असेल, तर पांढऱ्या रंगातून महिन्याभरात पिवळे-तपकिरी डाग वर येतात. लाकडातला अर्क रंगात उतरतो, विशेषतः पाण्यात कालवायच्या रंगात. वरून कितीही हात मारले तरी डाग पुन्हा येतो. प्रायमरआधी लाखेचे दोन हात देऊन तो खालीच अडवावा लागतो. सागवानाचं तेलकटपण रंग सुकूही देत नाही, म्हणून काम सुरू करण्याच्या थोडं आधी थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावं. सनमायकाचं टेबल असेल तर चकाकी पूर्ण मरेपर्यंत 180 ते 220 च्या पेपरने घासून, चकचकीत पृष्ठभागांसाठी मिळणारा प्रायमर लावावा. साधा वूड प्रायमर नखाने सोलला जातो.

लोखंडी कपाटाची तऱ्हा वेगळी. गंज तारेच्या ब्रशने आणि 120 च्या पेपरने काढून त्याच दिवशी रेडऑक्साइड, म्हणजे गंजरोधक लाल प्रायमर, लावायचं. घासून रात्रभर उघडं ठेवलं तर गंज पुन्हा धरतो. गॅरेजवाल्याकडून स्प्रे करून घेणाऱ्यांनी जुना रंग कोणता हे आधी त्याला सांगावं. ब्रशने मारलेल्या इनॅमलवर एनसीचा (नायट्रोसेल्युलोज लॅकरचा) स्प्रे बसला की त्यातला थिनर खालचा थर उचलतो आणि अख्ख्या दारावर सुरकुत्या पडतात. मग सगळं खरवडण्यावाचून गत्यंतर नाही, आणि मजुरीवरून भांडण होतं ते वेगळंच.

नाशिकच्या हवेचंही थोडं ऐकावं लागतं. जुलै-ऑगस्टमध्ये लाखेचं आणि लॅकरचं पॉलिश दमटपणामुळे पांढरं पडतं. त्याच दिवसांत ड्रॉवर अडकतात, आणि लोक रंधा मारून मोकळे होतात; थंडीत लाकूड आकसलं की तोच ड्रॉवर खुळखुळतो. त्याच्या सरकत्या कडांना मेणबत्ती घासावी आणि दिवाळीपर्यंत वाट पाहावी. डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी शहरातही पोचते, तेव्हा दहाच्या आधी ब्रश उचलू नये. मे महिन्यात उलट: सकाळीच उरकावं, दुपारच्या उन्हात इनॅमल पसरायच्या आत सुकतं आणि ब्रशच्या रेषा राहतात.

आपल्या वृत्तपत्रामार्फत महापालिकेला आणि सोसायट्यांना एक सुचवावंसं वाटतं. गोदाघाटावर बुधवारचा आठवडे बाजार भरतोच. तसा वर्षातून एक रविवार, मे महिन्याच्या मध्याला, फक्त घरगुती जुन्या सामानासाठी एखादं मैदान मोकळं करून द्यावं. वाड्यांना नोटीस देतानाच त्याची तारीख त्यावर छापावी, म्हणजे घरमालकाला भंगारवाल्याखेरीज दुसरा रस्ता राहील. त्या सुमाराला बदल्यांचंही सामान निघालेलं असतं आणि घेणाऱ्याला वस्तू खरवडून, औषध देऊन, वाळवून आत घ्यायला पावसाआधी तीन आठवडे मिळतात. पॉलिश आणि रंगाचं काम दसऱ्यानंतर काढलं तरी चालतं.

आपला,
एक वाचक, पंचवटी, नाशिक