आई, गुरुवारची गोळी चुकवू नकोस

एडिसन, न्यू जर्सी
18 जानेवारी 2026

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

परवा वहिनी बोलता बोलता म्हणाली, की तू गुरुवारची आमवाताची गोळी, मेथोट्रेक्सेट, एक आठवडा घेतेस आणि एक आठवडा सोडतेस, म्हणजे पाकीट जास्त दिवस पुरतं. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. फोनवर तू विषय बदलतेस, म्हणून लिहायला बसले.

तू विचारलं होतंस, सासूबाईंचं तिकडे सगळं विम्यात फुकट होत असेल ना? नाही गं. त्यांनाही तुझ्यासारखाच आमवात. इथे पंधरा वर्षं नोकरी केली म्हणून पासष्टीला मेडिकेअर हा सरकारी आरोग्य विमा मिळाला, पण घरी घ्यायच्या औषधांसाठी त्यात पार्ट डी नावाचा वेगळा विमा घ्यावा लागतो. गोळ्यांनी सूज उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी एनब्रेल हे आठवड्याचं इंजेक्शन लिहून दिलं. विमा कंपनीने नकार दिला. आधी स्वस्त गोळी पुरेसे महिने घेतल्याचे कागद दाखवा म्हणे. डॉक्टरांचं पत्र, रक्ताचे रिपोर्ट, पुन्हा अर्ज, यात अडीच महिने गेले. त्या दिवसांत सकाळी त्यांना दुधाच्या कॅनचं झाकणसुद्धा फिरवता येत नव्हतं. दोन्ही तळव्यांत कॅन धरून माझ्यासमोर उभ्या राहायच्या, काही न बोलता.

आणि किंमत ऐक. 2023 मध्ये या इंजेक्शनचा महिन्याचा छापील भाव 7,106 डॉलर होता. 2022 च्या कायद्याने सरकारला औषध कंपन्यांशी भाव ठरवायची मुभा मिळाली, त्यामुळे या 1 जानेवारीपासून मेडिकेअरवाल्यांसाठी तो 2,355 झाला. आम्हाला खरा आधार वाटतो तो वर्षाच्या मर्यादेचा. यंदा खिशातून 2,100 डॉलर गेले की पार्ट डीमधल्या औषधांना वर्षअखेरपर्यंत आणखी काही द्यावं लागत नाही. तेही महिन्याला साधारण 175 असे विभागून भरतो. तरी आपले पावणेदोन लाखांच्या वर रुपये झाले, विम्याचा हप्ता वेगळाच.

पण गेल्या रविवारी सासूबाईंनी चार पोळ्या लाटल्या. कडा जाड राहिल्या होत्या. मी त्याच आधी वाढून घेतल्या.

आई, तुझ्या गोळ्यांचा खर्च याच्या मानाने किती लहान आहे! दादाने काढून दिलेलं आयुष्मानचं 5 लाखांचं कार्ड जपून ठेव, पण ते दवाखान्यात दाखल झाल्यावर कामाचं. महिन्याच्या गोळ्या आपल्यालाच घ्याव्या लागतात, आणि ते पैसे मी पाठवणार. यावर वाद नको. डॉक्टरांना विचारून दादा जनऔषधी केंद्रातही बघेल.

आता राहिलेली गोळी भरून काढायला दोन डोस एकदम घेऊ नकोस. ही आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, जास्त झाली तर अंगावर येते. किती आठवडे सोडली ते डॉक्टरांना खरं सांग, ते ओरडणार नाहीत. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी आणि लिव्हरची रक्ततपासणीही टाळू नकोस. बोट एकदा वाकडं झालं, की गोळीने सरळ होत नाही गं.

गुरुवारी रात्री साडेआठला जेवण झालं की गोळी घे आणि मला मिस्ड कॉल दे. इथे तेव्हा सकाळचे दहा वाजलेले असतात. मी फोन हातात घेऊनच बसेन.

तुझी,
शुभा