नेट नसतानाही मॅन्युअल हाताशी

महोदय,

परवा ऑफिसात नेट गेलं आणि आमची तरुण मंडळी हातावर हात ठेवून बसली. शेजारच्या मुलाला पायथन या प्रोग्रामिंग भाषेतल्या ‘स्प्लिट’ (मजकुराचे तुकडे करणारं फंक्शन) याचं दुसरं आर्ग्युमेंट, म्हणजे त्याला द्यायची दुसरी किंमत, आठवेना. मी त्याच्या टर्मिनलवर, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, ‘पायडॉक एसटीआर.स्प्लिट’ टाइप केलं; ‘पायडॉक’ ही पायथनची माहिती दाखवणारी कमांड. समोर ‘मॅक्सस्प्लिट’, खाली त्याचा अर्थ: जास्तीत जास्त किती वेळा तोडायचं; उणे १ म्हणजे मर्यादा नाही. तो म्हणाला, ‘‘मॅडम, हे आधीपासून इथेच होतं?’’ होतं की! पायथनबरोबरच आलेलं.

इतर भाषांतही अशीच सोय असते: पर्लला ‘पर्लडॉक’ आहे, गोला ‘गो डॉक’, रुबीला ‘आरआय’. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचं पहिलं मॅन्युअल तर नोव्हेंबर १९७१चं, आणि मॅन्युअल दाखवणाऱ्या ‘मॅन’ या कमांडची पानं आजही रोज उघडतात. (फक्त ‘मॅन प्रिंटएफ’ म्हटलं तर बहुधा शेलची (टर्मिनलवर टाइप केलेलं चालवणाऱ्या प्रोग्रामची) त्याच नावाची कमांड दिसते. सी भाषेतलं फंक्शन हवं तर मधे ३ घालायचा: ‘मॅन ३ प्रिंटएफ’. नवखी असताना यात माझी अर्धी दुपार गेली होती.) पानात तिरकी रेघ देऊन शब्द शोधायचा, ‘क्यू’ दाबून बाहेर पडायचं. झालं.

क्लासवाले हे का शिकवत नाहीत, देव जाणे. आपल्या संगणकविषयक सदरात यावर एकदा लिहावं, ही विनंती.

– एक प्रोग्रामर वाचक