आधी योहान, मग तक्ते

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ख्रिस्ती शाळांमध्ये मुलांना बायबलमधल्या नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवण्याचा विषय निघाला की पहिला आक्षेप ठरलेला असतो: धर्मशास्त्राचे प्रौढ विद्यार्थी जी भाषा घाम गाळून शिकतात, ती 10-11 वर्षांच्या मुलांच्या माथी कशाला मारायची? मी अशाच एका शाळेत या वयाच्या मुलांना ग्रीक शिकवते. आक्षेपामागची काळजी मला समजते, परंतु अडचण भाषेत नसून ती शिकवण्याच्या क्रमात आहे, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे.

पहिल्या वर्षी मी स्वतः जशी शिकले होते तशीच सुरुवात केली. ग्रीकमध्ये नामाआधी येणारे जे उपपद असते, त्याची 3 लिंगे, 2 वचने आणि 4 विभक्त्या मिळून 24 रूपे होतात. ती मुलांनी पाढ्यांसारखी घोकली, परीक्षेत बिनचूक लिहिली आणि वर्षअखेरीस शुभवर्तमानातले एक साधे वचन समोर ठेवले तेव्हा वर्गातल्या एकालाही त्याचा अर्थ लावता आला नाही. मुलांनी कष्ट केले होते. ते कुठे लावायचे, हे मी त्यांना दाखवले नव्हते.

दुसऱ्या वर्षी अक्षरओळख होताच योहानाच्या शुभवर्तमानाचे पहिले वचन फळ्यावर लिहिले. ‘एन आर्खे एन हो लोगोस’ अशी त्याची सुरुवात आहे. ऱ्हस्व उच्चाराचे पहिले ‘एन’ म्हणजे ‘मध्ये’ आणि दीर्घ उच्चाराचे दुसरे म्हणजे ‘होता’, एवढे सांगितल्यावर मुले पुढे आपणच शोधू लागली. त्या 17 शब्दांच्या वचनात ‘लोगोस’, म्हणजे शब्द, 3 वेळा येतो आणि ‘होता’ही 3 वेळा. मग एका मुलाने विचारले, की इथे ‘थेओन’ आणि तिथे ‘थेओस’ असे का, देव तर एकच आहे ना? विभक्ती शिकवण्याची वेळ ती. त्या दिवशी मी तक्ता काढला आणि मुलांनी तो मागून घेतला, कारण ‘थेओस एन हो लोगोस’ (शब्द देव होता) या शेवटच्या वाक्यखंडात ‘थेओस’ आधी आला असूनही कर्ता ‘लोगोस’ कसा, हे त्यांना त्याच्या आधीच्या ‘हो’ या उपपदावरून ओळखायचे होते.

मराठी मातृभाषा असलेल्या मुलांना तर इथे मोठाच आधार आहे. तीन लिंगे, नामाला लागणारे विभक्तिप्रत्यय, क्रियापदातच सामावलेला पुरुष, या गोष्टी इंग्रजी पाठ्यपुस्तकांना पानेच्या पाने समजावून सांगाव्या लागतात. आपल्या मुलांच्या त्या जिभेवर असतात. ‘पातेर’, ‘एस्ती’, ‘दिदोमी’ ऐकून संस्कृत शिकणाऱ्या मुलाला पितृ, अस्ति आणि ददामि आठवतात व ते नाते खरे आहे. (‘थेओस’ आणि ‘देव’ मात्र कितीही जवळचे भासले तरी ते एका मुळातले नाहीत, हे शिक्षकांनी आवर्जून सांगावे.) शब्दसंख्येचेही भय नको. नव्या करारात 50 किंवा त्याहून अधिक वेळा येणारे शब्द जेमतेम 300च्या आसपास आहेत, आणि एकूण मजकुराचा सुमारे 80 टक्के भाग त्यांनीच व्यापला आहे.

परंतु भाषांतरे उपलब्ध असताना हा खटाटोप का, असे पालक विचारतात. त्यांनी योहानाचा तिसरा अध्याय पाहावा. माणसाने ‘आनोथेन’ जन्मले पाहिजे, असे येशू तिथे निकदेम नावाच्या यहुदी पुढाऱ्याला सांगतो; त्या शब्दाचे ‘पुन्हा’ आणि ‘वरून’ असे दोन्ही अर्थ होतात. निकदेम ‘पुन्हा’ एवढेच धरतो आणि आईच्या उदरात परत कसे शिरायचे असे विचारतो; त्याच अध्यायाच्या 31व्या वचनात तोच शब्द स्पष्टपणे ‘वरून’ या अर्थाने येतो. 8व्या वचनात वारा आणि आत्मा या दोहोंसाठी ‘प्नेउमा’ हा एकच शब्द आहे. मूळ भाषांवरून मराठीत बायबल आणणाऱ्या पंडिता रमाबाईंसारख्या विदुषीलाही अशा ठिकाणी कोणता तरी एक अर्थ निवडणे टळत नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलीने हे वचन वाचताना वहीत ‘वारा’ लिहिले, खोडले, ‘आत्मा’ लिहिले, तेही खोडले आणि शेवटी दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहून ठेवले. अनुवाद म्हणजे काय, हे मला व्याख्यान देऊनही तिला इतके समजावता आले नसते.

अर्धवट ग्रीकचा धोका आहे, हेही मी मान्य करते. ‘आगापे’ म्हणजे केवळ दैवी प्रेम, असे मुले कुठूनतरी ऐकून येतात आणि मोठ्या विश्वासाने सांगतात. त्यावर उपाय मात्र अधिक वाचनाचाच आहे: याच अध्यायाच्या 19व्या वचनात माणसांनी प्रकाशापेक्षा अंधारावर प्रीती केली असे म्हटले आहे, आणि तिथले क्रियापद ‘आगापे’च्याच कुळातले आहे. हे स्वतः वाचलेले मूल एका शब्दावर सिद्धांत उभारताना थबकते.

म्हणून शाळाचालकांना माझी कळकळीची विनंती आहे, की ग्रीकची परीक्षा तक्त्यांवर घेऊ नये. मुलाला एक न वाचलेले वचन द्यावे, ते मोठ्याने वाचू द्यावे, आणि जे कळले ते त्याच्या भाषेत सांगू द्यावे. अडलेल्या शब्दासाठी कोश उघडण्याची मुभाही असावी. पहिल्या दोन वर्षांत योहानाचे पहिले पत्र पुरे झाले तरी मला समाधान वाटेल.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका